दहा बोटं

दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला दुपारी एमरी ट्रेडवेल आपल्या इस्पितळात येई, मोठ्या वॉर्डच्या मधोमध उभा राही आणि दोन्ही हात वर करून दहाही बोटं पसरून दाखवी. हा त्याचा वर्षाचा नेम होता.

"मीसुद्धा रेल्वेच्या यार्डात राबलोय," तो म्हणे. "ऐन हिवाळ्यात डब्यांच्या मधे उभं राहून कडी धरलीय, खिळा टाकलाय. हे बघा हात. माणूस सावध असला की त्याचं बोट जात नाही. माझा जोडीदार लार्स, माणूस सोन्यासारखा, पण नजर जरा इकडेतिकडे. एका सकाळी मी तेलाचा डबा आणायला गेलो आणि परत येतो तर लार्सचा पंजा गेलेला. म्हणून सांगतो, इथून बरे होऊन जाल ते सावध होऊन जा."

हातच्या काकणाला आरसा कशाला? खाटांवरची माणसं त्या हातांकडे बघत राहत. त्यांच्यातल्या कुणाची दोन बोटं गेलेली असत, कुणाचा पंजा, कुणाचा कोपरापासून हात. मग टाळ्या होत. "एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात," असं म्हणून एखादा म्हातारा मांडीवर थाप मारी, त्याचं बघून बाकीचे मारत, आणि वॉर्ड हसे. एमरीला ते हसणं फार आवडे. त्याला वाटे, ही माणसं आपल्याला जीव लावतात. मग मेट्रनबाई टर्की वाढायला सांगत. ती स्वयंपाकघरातूनच बारीक तुकडे करून येई, कारण त्या वॉर्डात सुरीकाटा देऊन उपयोग नव्हता.

दुभत्या गाईच्या लाथा गोड असतात. इस्पितळ त्याचं, खाटा त्याच्या, टर्की त्याची. त्याच्या भाषणाला कोण नावं ठेवणार? पण यार्डात त्याचं नाव 'दहाबोट्या' पडलं होतं आणि ते कौतुकानं पडलेलं नव्हतं. कामावर घेताना मुकादम नव्या माणसाला आधी हात पुढे करायला सांगे. दोनतीन बोटं कमी दिसली की समजायचं, हा मुरलेला आहे, घ्या. बोटं पुरी असली तर तो एक तर कालपरवा आलेला, नाही तर काम केल्याचं खोटं सांगणारा.

हे एमरीला कुणी कधी सांगितलं नाही.

काम तसं दिसायला सोपं होतं. उभ्या डब्यापुढे जाऊन राहायचं. इंजिन दुसरा डबा ढकलत आणी. येणाऱ्या डब्याची लोखंडी कडी हातानं उचलून समोरच्या खाचेत नेमकी घालायची, डबे भिडले की वरून खिळा टाकायचा आणि अंग चोरून बाहेर निघायचं. हात काढायला पापणी लवण्याइतका वेळ मिळे, कधी तेवढाही मिळत नसे.

एमरीचे वडील जोसाया ट्रेडवेल यांनी एरी सरोवराच्या काठाकाठानं हा लोहमार्ग टाकला. त्यांनी घरात कायदा घातला होता, की ट्रेडवेलच्या पोराला वर्षभर यार्डात राबल्याखेरीज कंपनीच्या खुर्चीवर बसता येणार नाही. एमरी एकवीस वर्षांचा असताना राबला. ते वर्ष त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात अभिमानाचं वर्ष होतं. बाकी सगळं बापाचं होतं, तेवढं एक वर्ष त्याचं स्वतःचं होतं. त्या वर्षाचा दाखला म्हणजे ही दहा बोटं. आयत्या बिळावरचा नागोबा असं आपल्याला कुणी म्हणू शकत नाही, असं तो मनाशी घोकत असे.

आपोआप जोडल्या जाणाऱ्या कड्या निघाल्या, तेव्हा त्यांचा विक्रेता लाकडी नमुना घेऊन डायरेक्टरांच्या बैठकीत आला होता. दोन तुकडे एकमेकांवर ढकलायचे की खट्कन बसत, माणसाला मधे जावं लागत नसे. दोनतीन डायरेक्टर वळलेही होते. तेव्हा एमरी उठला आणि त्यानं हात वर केले. "सगळ्या डब्यांना हे लावायचं तर किती खर्च आहे ते बघा, आणि हे हात बघा. प्रश्न कडीचा नाही, सावधपणाचा आहे." विक्रेता नमुना गुंडाळून गेला. त्याच साली एमरीनं स्वतःच्या खिशातून इस्पितळ बांधलं. वर्तमानपत्रांनी त्याला गरिबांचा कैवारी म्हटलं, आणि तो दांभिक नव्हता हो, इस्पितळ बांधताना त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं होतं. त्या दोन गोष्टी त्यानं एका जागी ठेवून कधी पाहिल्या नाहीत, एवढंच.

आता त्याचा एकुलता एक मुलगा जेरोम एकवीस वर्षांचा झाला. आई लहानपणीच गेलेली. पोरगा मऊ, अबोल, कॉलेजात पूल बांधायला शिकलेला. तासन्‌तास कागदावर कमानी काढत बसे. सप्टेंबरात तो यार्डात रुजू झाला. दुसऱ्याच दिवशी म्हातारा मुकादम डोलन एमरीच्या कचेरीत येऊन उभा राहिला.

डोलनची टोपी हातात होती. त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी होती, मधलं काही नव्हतं.

"बस, डोलन. काय म्हणतोय आमचा पोरगा?"

"गुणी आहे, साहेब. सांगितलेलं ऐकतो." डोलन बसला नाही. "एक विचारायचं होतं. त्याचं कसं करायचं?"

"कसं म्हणजे?"

"म्हणजे तुमच्यासारखंच करायचं ना?"

"अर्थात. माझ्यासारखंच. मी केलं ते सगळं त्यानं करायचं."

डोलननं टोपी या हातातून त्या हातात घेतली. "तसं नव्हे, साहेब. तुम्हाला जसं बाजूला ठेवलं होतं, तसंच ठेवायचं का?"

एमरी हसला. म्हाताऱ्याची गंमत चालली आहे असं त्याला वाटलं. "मला कुणी बाजूला ठेवलं होतं?"

"मी, साहेब."

"तू?"

"थोरल्या साहेबांचा हुकूम होता. म्हणाले, डोलन, पोरगं सगळं करतंय असं त्याला वाटलं पाहिजे, पण हलता डबा त्याच्या अंगावर येता कामा नये. वर्ष नीट पार पाड, तुला मुकादम करतो. केलंही त्यांनी, शब्दाचे पक्के होते. तुम्हाला मी उभ्या गाड्या द्यायचो. इंजिन थांबलेलं, ड्रायव्हरला डोळा मारलेला. हलती गाडी आली की तुम्हाला काही तरी आणायला धाडायचो. कंदील म्हणा, पाणी म्हणा."

"तेलाचा डबा," एमरी म्हणाला.

डोलननं मान डोलावली.

"लार्सच्या वेळी पाळी कुणाची होती, डोलन?"

"झालं ते झालं, साहेब. जुनी गोष्ट आहे."

"मी विचारतोय, पाळी कुणाची होती?"

"तुमची होती."

कचेरीच्या खिडकीखालून मालगाडी चालली होती. खरं सांगायचं तर एमरीला तिथंच सगळं पटलं होतं. त्या वर्षी आपल्याला किती वेळा पाणी आणायला लावलं, हे त्याला भराभर आठवत गेलं. पण पटणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. हे कबूल केलं तर ते वर्ष गेलं, बैठकीत वर केलेले हात खोटे ठरले, आणि इस्पितळातली प्रत्येक खाट उठून प्रश्न विचारायला लागली असती. चिडणं त्यामानानं सोपं होतं.

"तू म्हातारा झालास, डोलन," तो कडक आवाजात म्हणाला. "लोकांना फुशारकी सांगायला काहीही रचतोस. मी माझ्या सावधपणानं वाचलो. जेरोमही वाचेल. तो माझ्या रक्ताचा आहे."

"रक्त सगळ्यांचंच लाल असतं, साहेब. मी बघितलंय ना."

"हे बघ, त्याला हलत्या डब्यावर घाल. इतरांच्या पाळ्या तशा त्याच्या पाळ्या. काही आणायला धाडायचं नाही. समजलं?"

"पुन्हा एकदा सांगा, साहेब. असा हुकूम मला दोनदा ऐकावा लागतो."

"ट्रेडवेलच्या पोराला दया नको. जा."

डोलन दारापर्यंत गेला, थांबला, आणि पाठमोराच म्हणाला, "थोरले साहेब कठोर होते म्हणतात लोक." मग गेला.

रविवारी जेरोम जेवायला घरी आला. मटण, बटाटे, कणसं असा त्याच्या आवडीचा बेत होता, पण तो ताटात नुसता काटा फिरवत होता. तळहातांवर फोड आलेले होते. एमरीनं ते बघितले आणि त्याला बरं वाटलं. आपल्याला असे फोड आले होते का, हे मात्र त्यानं आठवून बघितलं नाही.

"डोलन तुम्हाला भेटला का, बाबा?" जेरोमनं विचारलं.

"भेटला की. काहीबाही बडबडत होता. मी सांगितलं, दया नको, सगळं करू दे."

जेरोमनं बटाटा कापला. कापलेल्याचे आणखी तुकडे केले. "असं सांगितलंत?"

"मग? तुला काय वाटलं, तुला काचेच्या कपाटात ठेवायला सांगेन?"

"नाही," जेरोम म्हणाला. "बरं झालं सांगितलंत." आणि त्यानं पाण्याचा पेला एका दमात संपवला.

त्यानंतर एमरीची झोप उडाली. दिवसा तो मोठ्या आवाजात बोले, क्लबात मुलाचं कौतुक करी. घरी आला की रात्रभर खोलीत येरझारा घाली. नोव्हेंबरात पहिलं कडक हिव पडलं त्या सकाळी त्याला राहवेना. त्यानं बग्गी जोडायला सांगितली आणि तडक यार्ड गाठलं. वाटेत त्यानं वाक्य ठरवून ठेवलं होतं. "डोलन, माझ्या वेळी केलंस तसं कर." एवढंच बोलायचं होतं. ते बोलायला डोलनला जरा कडेला घ्यायचं आणि परत फिरायचं.

तो पोचला तेव्हा पाळी जेरोमचीच होती. रुळांवर बर्फाची साय धरली होती. इंजिन डबा ढकलत आणत होतं. जेरोम मधे शिरला, वाकला, कडी उचलली. डबे भिडल्याचा आवाज आला आणि एमरीनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा जेरोम बाहेर उभा होता, खिळा बसलेला होता, आणि यार्डातली माणसं ओरडत होती, "वा रे पोरा! शाबास, धाकट्या!"

एमरीच्या छातीत काहीतरी असं भरून आलं की बस्स. बघा, सावध माणसाचं काही जात नाही! जेरोमनं वळून बापाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. थंडीनं पडला असेल, असं एमरीला वाटलं. त्यानं टोपी काढून मुलाला मानवंदना दिली.

डोलन जवळ आला. "साहेब, काही सांगायला आला होतात?"

"नाही," एमरी म्हणाला. "सहज आलो."

त्याच आठवड्यात यार्डातून निरोप आला.

एमरी इस्पितळात पोचला तोवर सर्जननं काम उरकलेलं होतं. उजवा हात मनगटापासून काढावा लागला. बाहेरच्या बाकावर डोलन बसला होता. त्याच्या कोटावर रक्त सुकलं होतं. एमरी त्याच्यासमोर उभा राहिला. त्याला काय ऐकायचं होतं कोण जाणे. पोरगा घसरला, पोराची नजर चुकली, असं काहीतरी ऐकायला मिळालं असतं तर त्याला धरायला काठी मिळाली असती.

"सावध होता, साहेब," डोलन म्हणाला. "माझ्या डोळ्यांदेखत झालं. पोरगा पुरता सावध होता. कडी वाकडी होती, बसली नाही, आणि डबा आला. डबा काय, कुणासाठी थांबतो?"

दुसऱ्या दिवशी एमरीनं डायरेक्टरांची बैठक बोलावली. आपोआप जोडणाऱ्या कड्या सगळ्या डब्यांना लावायच्या, असा ठराव त्यानं मांडला. कुणी खर्च विचारला नाही. एका डायरेक्टरनं रुमालानं डोळे टिपले, दुसऱ्यानं एमरीचा खांदा थोपटला. इतकी वर्षं जे जमत नव्हतं ते चहा निवायच्या आत झालं. बैठकीतून बाहेर पडताना एमरीच्या लक्षात आलं, की आज आपण सगळा वेळ हात टेबलाखाली ठेवले होते.

मुलाला वेगळी खोली द्या, असं त्यानं मेट्रनबाईंना सांगितलं होतं. जेरोमनं ऐकलं नाही. मोठ्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर तो सगळ्यांसारखा निजला.

थँक्सगिव्हिंग आलं. जाऊ नये असं एमरीला वाटत होतं, पण न जाऊन कुठं जाणार? पोरगा तिथंच होता. इस्पितळाच्या दारावर नेहमीप्रमाणे लार्स उभा होता. पंजा गेल्यानंतर एमरीनंच त्याला दरवानाची नोकरी दिली होती, आणि हे तो भाषणात सांगतही असे. लार्सनं डाव्या हातानं दार उघडलं.

"धाकटे साहेब आज बरे आहेत. सकाळी थोडी पेज प्याले."

एमरी उंबऱ्यावर थबकला. "लार्स, त्या सकाळी पाळी माझी होती. तुला ठाऊक होतं?"

लार्सनं त्याच्याकडे बघितलं. म्हातारा झाला होता, डोळ्यांत पाणी साचलेलं असे, ते दुःखाचं की वयाचं सांगता येत नसे.

"पाय पुसून घ्या, साहेब," तो म्हणाला. "आत बाई ओरडतात."

वॉर्डच्या मधोमध नेहमीची जागा मोकळी ठेवली होती. एमरी तिथं उभा राहिला. नव्या कड्या येणार आहेत, वसंतापर्यंत सगळ्या डब्यांना लागतील, आता कुणाला मधे जावं लागणार नाही, असं त्यानं सांगितलं. बोलून झाल्यावर तो थांबला. कुणी मांडीवर थाप मारली नाही. पाय तुटलेला एक जण खोकला. स्वयंपाकघरातून टर्कीचा वास येत होता.

"बाबा," खिडकीजवळून जेरोमचा आवाज आला. तापानं तो अजून बारीकच होता. "हात दाखवायचे राहिले."

त्या आवाजात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. एखादं लेकरू ठरलेली गोष्ट ठरल्याप्रमाणे मागतं तसं त्यानं ते म्हटलं. सगळा वॉर्ड एमरीकडे बघत होता. त्याचे हात कोटाच्या खिशात होते. त्यानं ते बाहेर काढले, छातीपर्यंत आणले, आणि पुढे ते वर जाईनात.

"हे हात," तो म्हणाला, आणि त्यानं ते खाली घेतले. "मी जे सांगत आलो ते खरं नाही. मी सावध होतो म्हणून नव्हे. मला डोलननं बाजूला ठेवलं होतं. माझ्या जागी दुसरे जात होते."

आता काहीतरी होईल असं त्याला वाटलं. शिव्या देतील, थुंकतील. पण तसं काहीच झालं नाही. ज्या म्हाताऱ्यानं वर्षानुवर्षं मांडीवर पहिली थाप मारली होती, तो हळूच म्हणाला, "ठाऊक आहे की, साहेब. सगळ्या यार्डाला ठाऊक आहे." दुसऱ्या कुणीतरी म्हटलं, "बसा आता. टर्की निवतेय."

एमरी मुलाच्या खाटेजवळच्या स्टुलावर जाऊन बसला. चादरीवर पांढऱ्या पट्ट्यांचं बोचकं पडलं होतं. त्याच्याकडे न बघता तो म्हणाला, "डोलननं मला विचारलं होतं, जेरोम. तुझं तसंच करू का म्हणून. मी नको म्हटलं. मला ते खरं आहे हे ठाऊक होतं, तरी नको म्हटलं."

"मला माहीत आहे," जेरोम म्हणाला. "त्याला मीच पाठवलं होतं."

एमरीनं मान वर केली.

"पहिल्याच दिवशी डोलननं मला सगळं सांगितलं. तुमचं, लार्सचं. म्हणाला, तुलाही बाजूला ठेवू का? मला हो म्हणायचं होतं, बाबा. मी त्या दिवशी एकाचं बोट जाताना बघितलं होतं. मला फार भीती वाटत होती. पण तुमचा मुलगा म्हणून हो म्हणायची लाज वाटली. म्हणून म्हटलं, बाबांना विचार." तो खिडकीबाहेर बघत होता. तिथून यार्डातला धूर दिसे. "मला वाटलं, तुम्ही हो म्हणाल."

मेट्रनबाईंनी ताट आणून स्टुलाशेजारी ठेवलं. टर्कीचे बारीक तुकडे, बटाटे, भोपळ्याचा गोड तुकडा. एमरीनं चमचा उचलला, घास भरला आणि मुलाच्या तोंडाशी नेला. जेरोमनं डाव्या हातानं चमचा त्याच्याकडून काढून घेतला. त्या हाताला अजून सवय नव्हती. पहिला घास गळ्यावर सांडला, दुसरा चादरीवर. तिसरा कसाबसा तोंडात गेला. तो चावत राहिला, पुढचा घास भरत राहिला. एमरीचे दोन्ही हात मांडीवर रिकामे पडून होते.